वीतभर काच

१

खरं मानून दाखव, चाल. मी सोनीबाई, उदयसिंग मिस्त्रीची बायको. जलमभर जे बोलली त्यातलं अर्धं खोटं होतं, अन् उरलेलं अर्धं लोकायनं खोटं समजून सोडून देल्लं. आता जे सांगनार आहो, त्यातला एक शबूद जरी तुह्या गळी उतरला तं मी हारली.

नाही उतरनार. तू शिकलेला मानूस, पवन, कारंज्यात कंप्युटरचं दुकान आहे तुहं. तांड्यात कोनालेबी इचार माह्याबद्दल. सरपंचाच्या च्यात म्या मीठ टाकलं होतं. समोर मोठा सायेब बसला होता म्हनून बिचारा अख्खा कप पेला अन् म्हने, "मस्त झाला." दोनदा तं मी मेली बी. पयल्या खेपेले सून धाय मोकलून रडली. दुसऱ्या खेपेले कोनी जाग्यावरून हाललंच नाही. म्हने, भूक लागली का उठन.

बस त्या बाजीवर. अरे तिकडं नोको, तो पाय मोडका आहे!

पाह्य कसा उठला! काई मोडका नाही, बस.

फोन खिशातच राहू दे सध्या. तुले ज्याच्यासाठी बलावलं ते शेवटी पाहू. रंजीता साडेचारच्या यष्टीनं कालेजातून येते, तिच्या आंधी आपल्याले हे आटपाचं आहे. तिले सांगू नोको मी तुले फोन केल्ता म्हनून. शेजारच्या पोट्टीकडून नंबर लावून घेतला.

२

रंजीता म्हंजे माह्या पोराची, नवीनची पोरगी. वाशीमले शिकते. आमचं रोजचं ठरलेलं. ते येते, हातपाय धुते, च्या घेते अन् माह्या मांडीले मांडी लावून अथी ओट्यावर बसते. मंग फोनवर जुन्या इंग्रजी सीरियला लावते, पन्नास-साठ वर्साआंधीच्या. कोन कोनाचा नवरा, कोनी कोनाले मारलं, आमाले काई घेनं नाही. आमी गाडीची वाट पाहतो. लांब गाडी आली, तुमी लिमोझिन म्हनता ते, का पोट्टी बोट टेकवून चित्र थांबवते. मंग ओळखाची. कोनती गाडी, कंपनीतूनच लांब निघाली का मिस्त्रीनं मधात कापून लांब केली, कोन्या साली केली. मंग तुमच्या त्या गाड्या ओळखाच्या गुरुपावर टाकते. तुले मी काय सांगू, तूच त्या गुरुपाचा मुकादम.

नावं तिले येतात. मी तिसरी शिकली, तेबी अर्धी. मास्तरच्या खुर्चीले गूळ लावला म्हनून काढून देल्लं. मंग म्या गाड्यायले माही नावं ठेवली. एक मगरतोंडी, एक दोनचुली, एक नुसती म्हैस. पन जोड कुठी आहे, ते मी सांगतो.

"थांबव," मी म्हनतो. "मांगं घे. आता हळू सोड. उजेड पाह्य."

पत्रा कितीबी घासा, रंगाचे धा हात मारा. गाडी चालली का झाडायचा, आभाळाचा उजेड तिच्या अंगावरून सरकत जाते. अन् जोडावर आला का अडखळते. जसा म्हातारा मानूस उंबरठ्यावर अडखळते ना, तसा. तिथंच कापलेलं असते. हे म्या कुठच्या कालेजात नाही शिकली. अमेरिकेतल्या एका बाबानं रंजीताले लेहलं होतं, तू कोन्या कारखान्यात काम केलं? ते लेहते, माह्या दादीजवळ शिकली. त्याले वाटलं, पोट्टी बनवून राह्यली.

३

मले उदयसिंगनं शिकवलं. तवा आमी कारंज्यातच राहो, वर्कशापच्या मांगं एका पत्र्याच्या खोलीत. दिवसभर ठोक ठोक, ठोक ठोक. जीपा कापून लांब कराचं काम. नऊ मानसं बसत तिथं पंधरा बसवाची. रविवार आला का यष्टीनं अथी तांड्यावर याचं, कारन मदनसिंग नायकानं टीव्ही आनला होता.

तांड्यात लाईट कदी राहे, कदी नाही. लाईट गेली का ट्रॅक्टरची बॅटरी लावत. अंगनात टेबलावर टीव्ही, टेबलाखाली कुत्रा, समोर सारा तांडा. बाया एकीकडं, मानसं एकीकडं, मधात लेकरं. वर छपरावर रूपला, अँटिना धरून. त्याले टीव्ही कदी दिसलाच नाही बाप्पा. खालून सारे वरडत, "रूपला, डावीकडं!" "अरे लय झालं, वापस!" अन् तो वरून इचारे, "आता काय चाललं? कोन मेलं?" मी खालून सांगो, "हिरोनं लंगोटी सोडली!" तो बिचारा पडता पडता वाचे.

इंग्रजी सीरियल लागे, कोनाले काई समजे नाही. पन लांब गाडी आली का लेकरं खिडक्या मोजत. एक, दोन, तीन, चार! तांड्यातला किशन तवा सात-आठ वर्साचा, तो पार काचेले नाक लावून मोजे. अन् उदयसिंग माह्या कानात म्हने, "तो पाह्य जोड. पाह्यला? किती मस्त भरला."

दुसऱ्या बायांचे नवरे गजरे आनत असतीन. माहा नवरा मले जोड दाखवे. अन् खरं सांगू का, माह्या अंगावर काटा ये.

४

मंग मुंबईहून एक मानूस आला. सीरियल काढनारा. त्याले शेठची गाडी पाहिजे होती, लांब, काळीकुट्ट, अन् मुंबईत कोनी सस्त्यात करून देत नव्हतं. वर्कशापचा मालक म्हने, आमचा उदयसिंग करन. दोन जुन्या अँबॅसिडर आनल्या, एकीचं तोंड, एकीचं बूड, मधात नवा तुकडा.

त्या दिवशी मापाची पट्टी मालक घेऊन गेल्ता. उदयसिंगनं सुतळी घेतली, पयल्या गाडीवर धरली, माप लावलं अन् गाठ बांधली. म्हने, मी जेवून येतो. म्या त्याचं जेवन होईपर्यंत ते गाठ सोडून वीतभर समोर बांधली.

हास. मलेबी तवा लय हासू आलं.

त्यानं त्याच गाठीवर सारं कापलं. छत, तळ, बाजू, सारं. उभं करून पाह्यते तं दोन खिडक्यायच्या मधात वीतभर जागा उघडी. तो खाली बसला, डोकं धरून. मंग माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् त्याले समजलं. मारलं नाही त्यानं. कदीच नाही मारलं. उलटा हासत सुटला. जीपाची एक काच कापून तिथं बशिवली, उभी, वीतभर रुंद. कापताना म्या त्याले गुदगुल्या केल्या, म्हनून ते खालून डावीकडं जवभर तिरपी गेली. आतून तिथं बसाले जागाच नव्हती. दोन सीटायच्या पाठी तिथं एकीमेकीले भिडत. म्हनून त्यानं काचेमांगं फळी ठोकली अन् काळा रंग मारला. बाहेरून खिडकी, मांगं लाकूड.

हे ध्यानात ठेव, पवन. त्या काचेमांगं लाकूड आहे.

गाडी मुंबईले गेली. सीरियलीत एकदाच दिसली, दारात उभी. पुऱ्या तांड्यानं टाळ्या पिटल्या. पुढं आयकलं, भंगारात गेली. उदयसिंगबी गेला, करोनाच्या आदल्या वर्षी. शेवटच्या दिवसात मले म्हने, "सोनी, ते वीतभर जागा तुही होती बरं." मी म्हनली, "गप पड, मी जाडी आहो, नाही मावनार."

५

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमी दोघी अशाच बसलो होतो. शेंगा फोडून राह्यलो होतो. फोनवर काळीपांढरी सीरियल, परदेशातली. बर्फ पडून राह्यला, मोठ्या हाटेलासमोर गाड्या उभ्या. रंजीतानं बोट टेकवलं.

"दादी, मांगची पाह्य. हे कोनती? खिडकी एक जास्तीची आहे."

म्या पाह्यलं. दोन खिडक्यायच्या मधात उभी काच. वीतभर.

पयले मी हासली. मंग इचारलं, "कदीची सीरियल आहे हे?"

"बासष्टची."

बासष्टले उदयसिंग बारा वर्साचा पोरगा होता, किन्हीराजाच्या रानात गाई राखे.

म्या मनाले समजावलं. म्हनलं, सोनी, दुनियेत तू एकटीच का मिस्त्रीची बायको आहेस? तथी बी कोनी असन, तिनं बी गाठ सरकवली असन. बाया सगळीकडं सारख्याच. पन मंग म्या रंजीताले चित्र मोठं कराले लावलं. काच खालून डावीकडं तिरपी होती. जवभर.

शेंगा तशाच राह्यल्या मांडीत.

त्याच्यानंतर ते गाडी येतच गेली. कदी वाळवंटातल्या पेट्रोल पंपावर, कदी दवाखान्याच्या फाटकात. हिरोची गाडी ते कदीच नसे. मांगं, कोपऱ्यात, उभी. रंजीताले लय आनंद. तुमच्या गुरुपावर कोनाले ओळखता नाही आली ना! एकदा म्हने, "दादी, हे सीरियल म्या मांगच्या महिन्यात पुरी पाह्यली होती. तवा हे गाडी कशी नाही दिसली आपल्याले?"

म्या म्हनलं, "तुहं ध्यान हिरोकडं असन."

६

दवाखान्याच्या फाटकातल्या गाडीत मले रूपला दिसला.

तू आता गालातल्या गालात हासून राह्यला, मले दिसते. हास. त्या तिरप्या काचेत, जिथं लाकूड आहे, तिथं रूपला बसला होता. डोक्याले फेटा, एक दात पुढं. सतरा वर्सं झाली त्याले जाऊन. बाजूनं दिसे, समोर पाहत असल्यासारखा. जसा काई त्याले शेवटी टीव्ही दिसून राह्यला. तोंडावर असं सुख होतं का मलेच रडू आलं.

रंजीताले इचारलं, "काचेत काय दिसते?"

"काई नाही दादी. उजेड पडला काचेवर."

म्हनलं, बरोबर आहे. माह्या एका डोळ्याचं आपरेशन झालं, दुसऱ्याचं बाकी आहे. अन् एकट्या म्हातारीले जे पाहाची आस असते ते भिंतीवर बी दिसते, ढगात बी दिसते. असं म्या मले सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावरच्या गाडीत मदनसिंग नायक दिसला. त्याले तेरा वर्सं झाली. तो बी तसाच, मांडीवर हात ठेवून, रविवारी अंगनात बसे तसा.

मले भेव नाही वाटलं, खोटं कायले बोलू. मले वाटलं, चांगलं झालं, सारे जमून राह्यले. मी रोज रंजीताच्या मांगं लागो, "लाव वं, लाव." उदयसिंग दिसन म्हनून. तो नाही दिसला कदीच. गाडी चालवनाऱ्याचं तोंड अंधारात राहे. नुसते स्टेरिंगवर दोन हात.

७

मंग एका शनिवारी काचेत किशन दिसला.

अन् किशन तं जिता होता, बाबू. त्याच सकाळी माह्या दारातून ट्रॅक्टर घेऊन गेल्ता. मले म्हने, "काय काकू, या वर्षी कदी मरतेस?" काचेतला किशन सात-आठ वर्साचा नव्हता. आताचा होता. मिशी पिकलेली, गालावर मांगच्या महिन्यात लागल्याची निशानी. सीरियल सत्तरची. किशन तवा जलमला बी नव्हता.

मी त्याच्या घरी गेली. म्हनलं, "किशन, धा-पंधरा दिवस घरातच राह्य. ट्रॅक्टरले हात नोको लावू."

"काहून?"

"तू टीव्हीत दिसला."

सारं घर पोट धरून हासलं. त्याची बायको म्हने, "काकू, हिरोईन कोन होती?" मी शपथ घेतली. तरी हासले. मी रडली, तं अजून हासले, म्हने हे नवीन आहे.

नऊ दिवसानं किशन भर दुपारी वावरात बसल्या बसल्या गेला. ट्रॅक्टरवर नाही, झाडाखाली, डबा उघडून. डॉक्टर म्हने हार्ट. असन हार्ट. पंचेचाळिशीत बी येते, मी नाही म्हनत नाही. पन त्याच्या मातीले त्याची बायको माह्याकडं जशी पाहत होती, ते मले अजून दिसते. दोनदा मरून दाखवलं नसतं, तं त्यायनं आयकलं असतं.

८

आता खरं काम सांगतो, तुले काहून बलावलं.

आठ दिवस झाले, रंजीतानं एक सीरियल लावली. मोठा बंगला, फाटक, आपली गाडी हळूहळू आत येऊन राह्यली. फाटकाच्या खांबानं काच अर्धी झाकलेली. त्या अर्ध्या काचेत एक हात होता. आतून काचेले टेकवलेला. तरना हात, पवन. एक सुरकुती नाही. लांब बोटं. आता गाडी अजून एक हात समोर सरकली का तोंड दिसन, अन् तेवढ्यात व्हिडिओ सरला. अर्धाच होता तो.

रंजीता म्हने, "पुरी फिल्म कारंज्याच्या पवनभाऊकडं आहे. त्यायच्याजवळ जुनी कॅसेट होती, तेच फोनमध्ये उतरवून देतीन." तिनं तुले मागितलंबी, नाही का? रविवारी घ्याले येनार आहे तुह्याकडं.

त्या दिवसापासून मी पोट्टीच्या हाताकडं पाहून राह्यली. ते भाकर थापते, मी बोटं पाहतो. झोपली का पंजा हातात घेऊन पाहतो. ते म्हने, "दादी, मेंदी लावतेस का?" लांब आहेत तिची बोटं. तिच्या आजावर गेली.

तिले सांगितलं, सोड हे गाड्यायचं. तं म्हने, "तूच तं शिकवलं, आता काय झालं?" खरं सांगितलं, तं गालाचा मुका घेतला माह्या, म्हने, "दादी, किशनकाकाच्या नावानं तरी मस्करी नोको करू वं." आता बोल. माह्याच रक्ताची, अन् तिलेच खरं पटवता येत नाही मले.

म्हनून मले तिच्या आंधी पाहाचं आहे. रंजीता असन तं काय करीन, इचारू नोको. तिच्या जाग्यावर मी बसन, एवढं पक्कं केलं आहे. कसं बसतात ते मले ठाव नाही. पन गाठ म्या सरकवली होती, माह्याशी बोला म्हना. तिनं काय केलं?

काढ फोन. लाव. किती वाजले? साडेतीन? मंग आहे टाईम. तो पाह्य बंगला. तेच फाटक. अजून समोर घे. थांब. आता हळू सोड, एकदम हळू.

९

हात.

खांब सरकून राह्यला. रंजीतासारखीच बोटं रे बाबू. सोड. थांबवू नोको, फोन तूच धर. सोड.

नाही!

रंजीता नाही! अरे पवन, रंजीता नाही! मानूस आहे, बाईमानूस नाहीच! चष्मा आहे त्याले. अगाई गं माय. थांब, मले पानी दे त्या गुंडातलं. रंजीता नाही. मी उगाच आठ दिवस अन्न गोड नाही लागू देल्लं. आज तिच्यासाठी गुळाची लापशी करतो, तू बी थांब खाले, तुही माय काई...

पुन्हा लाव.

पयले थांबव. मोठं कर. अजून.

तुले काय दिसते? काचेवर उजेड? नुसता उजेड?

जरा इकडं तोंड कर बाबू. तिकडं नाही, दाराकडं, उजेडात. चष्मा कदीपासून लावतेस? हं. अन् हे दाढी अशीच ठेवतेस, का आताच वाढवली?

काई नाही. अशीच इचारते म्हातारी.

हां, दिसून राह्यलं मले बी. उजेडच आहे. काचेमांगं लाकूड आहे म्हनलं नव्हतं का मी? लाकडात कोन बसते? फसला ना! पाह्य कसा फसला, शिकलेला मानूस! रूपला नाही, नायक नाही, कोनी नाही. किशन हार्टनं गेला. तुहं तोंड पाह्य, पांढरं पडलं! हास ना. हास म्हनतो ना मी.

डोळे? ते कांद्यानं. सकाळी चिरला होता.

फटफटी अथीच राहू दे. माहा पोरगा नवीन आनून देईन उद्या. तू यष्टीनं जाय, मधल्या सीटवर बसजो. नाही, थांब, यष्टी नोको. अथीच राह्यतेस का आजच्या दिवस? नाही. अथी राहून काय होनार, किशन तं घरच्याच वावरात होता. घरी जाय. मायजवळ बस. तिनं जे वाढलं ते खाय, नाही म्हनू नोको. लगन झालं का तुहं? लेकरू किती मोठं आहे? दोन वर्साची. बरं. तिले खांद्यावर घे आज.

ते फिल्म रंजीताले देऊ नोको. अन् तू बी पाहू नोको पुन्हा. कायले म्हंजे? मी बुढी सांगून राह्यली म्हनून.

असा उभा काय राह्यला माह्याकडं पाहत? मस्करी होती, सांगितलं ना. जा आता. मांगं पाहू नोको, सरळ जाय. जाय, बाबू.